सोलापुरात नवीन आलात? दारापुढची विषारी झाडं आधी ओळखा

सोलापुरात नव्यानं बिऱ्हाड मांडणाऱ्याला शेजारपाजार बरंच काही सांगतो. नळाला पाणी किती दिवसांआड येतं, उन्हाळ्यात दुपारचं बाहेर का पडू नये, शेंगाचटणी कुठून आणावी. दारापुढच्या झाडांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. ती आमच्या इतकी नजरेतली झालेली असतात की ती विषारी आहेत, हे सांगायचं सुचतच नाही.

मलाही सुचत नव्हतं. माझा भाचा सहा वर्षांचा असताना त्यानं आणि त्याच्या तीन मित्रांनी जुळे सोलापुरातल्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर चंद्रज्योतीच्या बिया फोडून खाल्ल्या. शेंगदाण्यासारख्या गोड लागल्या म्हणून आणखी खाल्ल्या. तासाभरात चौघांनाही उलट्या सुरू झाल्या. एका घरात मिठाचं पाणी पाजलं, दुसऱ्या घरात लिंबू पिळलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘काय खाल्लं?’ आणि आम्हा सात-आठ मोठ्या माणसांपैकी एकालाही त्या झाडाचं नाव सांगता आलं नाही. मी रिक्षा करून फांदी आणायला परत गेले. मुलं दुसऱ्या दिवशी हसत घरी आली, पण फांदी घेऊन परतताना रिक्षात जे वाटलं ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून आमच्या गल्लीत नवीन कुटुंब आलं की मी त्यांना घेऊन एक फेरी मारते. त्या फेरीत जे सांगते ते इथे क्रमानं लिहिते.

१. दोनशे पावलांची फेरी

घराच्या चारी बाजूंनी दोनशे-दोनशे पावलं चाला. मूल एकटं जाऊ शकतं तेवढाच हा टापू असतो, आणि बहुतेक अपघात तिथेच होतात. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, शेळगी अशा वाढत्या भागांत वर्षानुवर्षं रिकामे पडलेले प्लॉट आहेत. ते आधी बघा. मग नाल्याचा काठ, शाळेची आणि अंगणवाडीची भिंत, देवळाचं आवार, रस्त्याचा दुभाजक.

पावसाळा संपता संपता फेरी मारली तर उत्तम, कारण फुलं आणि फळं दोन्ही दिसतात. फळाशिवाय झाड ओळखणं नवख्याला जड जातं. उन्हाळ्यात धोतऱ्याचं नुसतं वाळलेलं काटेरी बोंड उरतं, पण बी त्यातच असतं, तेव्हा ‘वाळलंय’ म्हणून सोडून देऊ नका. प्रत्येक संशयास्पद झाडाचे तीन फोटो घ्या: पान, फूल, फळ. ते फोनमध्ये वेगळे ठेवा. पुढे कधी दवाखान्यात जायची वेळ आली तर हेच फोटो कामाला येतील.

आणि नावं विचारताना एक लक्षात ठेवा. हे शहर मराठीइतकंच तेलुगू आणि कन्नडही बोलतं. शेजारच्या काकू ‘गन्नेरु’ म्हणाल्या तर ती कण्हेर. ‘जिल्लेडु’ म्हणजे रुई, आणि कन्नड बोलणारे तिलाच ‘एक्के’ म्हणतात. ‘उम्मेत्त’ किंवा ‘उम्मत्ती’ म्हणजे धोतरा. तेलुगूतली ‘गुरिगिंज’ आणि कन्नडमधली ‘गुलगंजी’ या दोन्ही आपल्या गुंजाच. मूल ज्या पोरांबरोबर खेळतं त्यांच्या तोंडी यातलं कुठलंही नाव असू शकतं. म्हणून तुम्हाला सगळी माहीत हवीत.

२. ही झाडं आधी पाठ करा

सगळ्यात आधी बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. माझ्या मते शहरातलं सर्वांत धोक्याचं झाड हेच, आणि त्याची भीती कुणालाच वाटत नाही. लांब, अरुंद, चकचकीत पानं. घंटेसारखी पिवळी फुलं, क्वचित फिकट केशरी. फळ हिरवं, थोडं त्रिकोणी, पिकल्यावर काळं. फांदी मोडली की पांढरा चीक. फळाच्या आत कठीण कवचाची बिट्टी असते आणि पोरं तिच्याशी खेळतात. मीही लहानपणी खेळले आहे. कवच फुटून आतला गर तोंडात गेला की खरं संकट. त्यातली द्रव्यं हृदयाच्या ठोक्यांवर काम करतात. आधी मळमळ, उलट्या, जुलाब, आणि मग नाडी मंदावते, ठोके चुकायला लागतात. मूल उलटी करून शांत झोपलं तर घरच्यांना वाटतं, बरं झालं, बाहेर पडलं सगळं. हाच फसवा वेळ असतो, कारण हृदयावरचा परिणाम काही तासांनंतरही दिसू शकतो. बिट्टीचा गर खाल्ल्याचा नुसता संशय असला तरी ईसीजी (हृदयाच्या ठोक्यांचा आलेख) आणि निदान एक दिवस दवाखान्यात देखरेख हवीच.

लाल, गुलाबी, पांढरी कण्हेर तिचीच बहीण, आणि विषही त्याच जातीचं. पानं गडद, जाड, बहुधा तीन-तीनच्या झुपक्यात. महामार्गांच्या दुभाजकात ती लावतात कारण पाणी कमी लागतं आणि जनावरं तोंड लावत नाहीत. शेरडं ज्या हिरव्या पानाकडे उन्हाळ्यातसुद्धा बघत नाहीत त्या पानात काहीतरी असणारच. छाटलेली, सुकलेली पानं मात्र चाऱ्यात मिसळली गेली की जनावरं फसतात. कण्हेरीच्या काडीनं दात घासू नका, तिच्या काड्यांवर काही भाजू नका, आणि पालापाचोळ्याबरोबर ती जाळू नका, कारण धूरही त्रासदायक असतो.

चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड. मोकळ्या जागेत आणि शेताच्या कुंपणाला हमखास सापडते. काही वर्षांपूर्वी बायोडिझेलसाठी ठिकठिकाणी तिची लागवड करायला सांगितलं गेलं, त्यातलीही झाडं उभी आहेत. फळ हिरवं, मग पिवळं, मग काळं पडून वाळतं, आत बहुधा तीन काळ्या बिया. चव गोडसर, शेंगदाण्यासारखी. शाळकरी मुलांच्या सामूहिक विषबाधेच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, त्यांत पुष्कळदा हेच झाड असतं. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी झपाट्यानं कमी होतं. वेळेवर सलाइन मिळालं तर बहुतेक मुलं बरी होतात.

खरा एरंड सगळ्यांना माहीत आहे: पंज्यासारखं पान, काटेरी बोंड. बी गुळगुळीत, ठिपक्यांचं, रक्त पिऊन फुगलेल्या गोचिडासारखं. आपल्याकडे एरंडेल औषध म्हणून पितात, त्यामुळे ‘बी खाल्लं तर काय होतंय’ असं आजी म्हणते. तेलात विष उतरत नाही, ते पेंडेत राहतं, आणि तेल काढताना उष्णतेनं उरलंसुरलं निकामी होतं. म्हणून तेल चालतं, बी नाही. अख्खी बी गिळली गेली तर कठीण सालीमुळे ती तशीच बाहेर पडू शकते. चावली गेली तर तिच्यातलं रिसिन नावाचं विष सुटतं आणि त्रास सुरू व्हायला काही तास, कधी त्याहूनही जास्त लागतात. कुंड्यांना एरंडीची पेंड घालत असाल तर पोती उघडी ठेवू नका. कुत्रीही ती खातात.

गुंजेचा हिशेबही असाच. लालभडक, डोक्यावर काळा ठिपका. सराफ पूर्वी सोनं हिच्यावर तोलायचे. पाला गोड, विड्याच्या पानात घालून खातात, त्यानं काही होत नाही. बी अख्खी गिळली तर सहसा निभावतं. पण चावलेली, फुटलेली किंवा दोरा ओवायला भोक पाडलेली गुंज ही वेगळी गोष्ट आहे. एकच नीट चावलेली बी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. गुंजांच्या माळा, बाहुल्यांचे डोळे, बांगड्या घरात असतील तर तान्ह्या मुलाच्या हाती देऊ नका.

आता धोतरा. सिद्धरामेश्वरांच्या या गावात महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी धोतऱ्याचं फूल-फळ घरोघरी येतं. त्याला माझी अजिबात हरकत नाही. हरकत आहे ती पूजा झाल्यावर निर्माल्य दोन दिवस खालीच पडून राहतं याला. नरसाळ्यासारखं पांढरं किंवा जांभळट फूल, पान चुरगळलं की उग्र वास, गोल काटेरी बोंड. बी पोटात गेलं की तोंड कोरडं ठाक पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, अंधुक दिसतं, अंग लाल आणि गरम होतं, नाडी पळते, लघवी अडते. मग माणूस असंबद्ध बडबडतो, हवेत काहीतरी पकडू लागतो.

सोलापुरात याची एक वेगळीच अडचण आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असताना गरम, कोरड्या अंगाचा, बरळणारा माणूस दिसला की सगळे म्हणतात, ऊन लागलं. धोतऱ्यानं घामच बंद होतो, त्यामुळे चित्र अगदी उष्माघातासारखं दिसतं, आणि उन्हात ते आणखी बिघडतं. दोन्हींत दवाखाना लागतोच. पण तिथे ‘बाहुल्या फार मोठ्या दिसतायत, आज रानातली भाजी खाल्ली होती’ एवढं सांगितलंत तर निदानाला मोठी मदत होते.

रानातली भाजी यासाठी म्हणते की धोतऱ्याची कोवळी पानं पालेभाजीच्या जुडीत मिसळून येऊ शकतात, आणि बी ज्वारी-बाजरीत. थेट शेतातून ज्वारी आणत असाल तर पाखडून, निवडून घ्या. धोतऱ्याचं बी मिरचीच्या बीसारखं दिसतं, पण चपटं, मूत्रपिंडाच्या आकाराचं, तपकिरी आणि चवीला कडू असतं. चव बघायला जाऊ नका, रंग पुरेसा आहे. शेत-बांधावरच्या रानभाज्या खुडणाऱ्या जुन्या बायकांचं ज्ञान मोठं आहे, त्यांच्याकडून शिका. फोनमधल्या झाड ओळखणाऱ्या अ‍ॅपच्या भरवशावर भाजी कधीही शिजवू नका.

पिवळा धोतरा हे निराळंच झाड. करडईसारखी काटेरी, पांढरट रेघांची पानं आणि पिवळं फूल, हिवाळ्यात पडीक रानात दिसतं. त्याचं बी मोहरीसारखं असतं. १९९८ मध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलातून हेच विष पसरलं, पाय सुजले, हृदय निकामी झालं, माणसं दगावली. आपल्याकडे शेंगतेल, करडई चालते, तरी सुटी मोहरी आणि सुटं तेल घेताना ध्यानात असू द्या.

३. चीक डोळ्यांपासून लांब

शनिवारी मारुतीला रुईची माळ घालायची असेल तर पानं तोडून तेच हात डोळ्यांना लावू नका. रुईच्या चिकाची वाईट गोष्ट अशी की डोळ्यात गेला तरी पुष्कळदा फारसं दुखत नाही. काही तासांनी धुकं पसरल्यासारखं दिसायला लागतं, तोवर बुबुळाला सूज आलेली असते. माळा ओवणाऱ्या मावश्यांना हा अनुभव असतो. कुंपणाला लावलेला शेर आणि निवडुंगाच्या जातीतली चिकाची झाडं याहून जास्त आग करतात. उपाय एकच: लगेच, स्वच्छ वाहत्या पाण्यानं, पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात हे मिनिटांचं गणित लोकांना उधळपट्टी वाटतं. पिण्याचं साठवलेलं पाणी वापरा, पण धुवा. मग त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. दूध, तूप, मध, गुलाबपाणी काही घालू नका.

डोळ्यांवरून सीताफळ आठवलं. आपला जिल्हा सीताफळांचा. उवांसाठी बियांची पूड डोक्याला लावायची जुनी पद्धत अजून आहे. ती पूड न्हाताना डोळ्यात उतरली तर बुबुळ सोलल्यासारखं होतं, उघडताही येत नाही. उवांना औषधाच्या दुकानात चांगली औषधं मिळतात, ती आणा.

गाजर गवत सगळीकडे आहे. त्याच्या सततच्या संपर्कानं काहींना मान, चेहरा, हातांवर चिवट इसब येतं, काहींना दमा वाढतो. फुलं यायच्या आत, पावसानं जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा.

४. उंबऱ्याच्या आत

झाडं म्हणून आपण ज्याच्याकडे बघत नाही ते विषारी झाड सोलापुरात हजारो घरांत सुपात असतं: तंबाखू. कुंभारीच्या विडी घरकुलात आणि पूर्व भागातल्या गल्ल्यांत बाया घरी विड्या वळतात, शेजारी रांगणारं मूल असतं. तंबाखूचं निकोटीन हे झाडाचं विषच आहे. चिमूटभर तंबाखू किंवा मिश्री तोंडात गेली तरी लहान मुलाची लाळ गळते, ते पांढरंफटक पडतं, घाम येतो, उलट्या होतात. जास्त गेली तर झटके येऊन श्वास अडू शकतो. हे सगळं तासाभराच्या आत. जिथे पोट त्या सुपावर चालतं तिथे ‘तंबाखू घरात ठेवू नका’ असं सांगणं मला शोभत नाही. मी एवढंच सांगते: सूप जमिनीवर न ठेवता चौरंगावर घ्या, उठताना फडक्यानं झाका, आणि मुलाला घेण्याआधी साबणानं हात धुवा. ओल्या हातांवाटे निकोटीन तुमच्याही अंगात जातं.

शोभेच्या कुंड्यांत डिफेनबेकिया असेल, म्हणजे मोठ्या पानांवर पांढरे-पिवळसर शिंतोडे असलेलं झाड, तर ते उंचावर ठेवा. अळूची खाज माहीत आहे ना? तेच सुयांसारखे बारीक स्फटिक, फक्त कितीतरी जास्त. मूल पान चावलं तर जीभ-ओठ सुजतात, रडून हैराण होतं. तोंड पुसा, थंड पाणी द्या. गिळता येत नसेल किंवा श्वासाला त्रास असेल तर थांबू नका.

आणि दुधी. पाण्याच्या ताणात वाढलेला दुधी कधी कधी कडू निघतो. त्या कडूपणात विष असतं, आणि कडू रस ‘औषध आहे’ म्हणून प्यायल्यानं लोकांना रक्ताच्या उलट्या झाल्या आहेत, जीवही गेले आहेत. चिरताना तुकडा जिभेला लावून बघा, कडू असेल तर थुंका आणि अख्खा दुधी फेका. काकडीलाही हाच नियम.

५. पोरांना सांगायचं कसं

‘झाडांना हात लावू नका’ असं सांगितलेलं कुठलंही पोर ऐकत नाही, आणि ऐकू नये. चिंचा, बोरं, जांभळं खाऊनच आम्ही मोठे झालो. नियम लहान ठेवा: घरच्या मोठ्यांना दाखवल्याशिवाय बी फोडून खायचं नाही. बी हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण वर सांगितलेल्यांत चंद्रज्योत, बिट्टी, एरंड, गुंज, धोतरा, सगळ्यांचा घात बीत आहे. मग मुलाला बोट धरून त्याच फेरीवर न्या आणि झाडं नावानिशी दाखवा. आणि एक वचन द्या, की खाल्लं असं सांगितलंस तर ओरडणार नाही. भाच्याच्या वेळी चौघांपैकी एकजण माराच्या भीतीनं ‘मी नाही खाल्लं’ म्हणत राहिला आणि त्याला सगळ्यात उशिरा सलाइन लागलं.

६. तोडायचं काय, ठेवायचं काय

अंगणवाडी, शाळा आणि खेळाच्या जागेतली बिट्टी आणि चंद्रज्योत काढून टाका, त्यात तडजोड नको. जागेच्या मालकाला भेटा, महापालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी अर्ज द्या. रस्त्याच्या मधली कण्हेर, माळावरची रुई राहू द्या. रुईवर कितीतरी फुलपाखरांची पिल्लं वाढतात. तोडताना पूर्ण बाह्या, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. तोडलेलं जाळू नका, जनावरं पोचतील अशा जागी टाकू नका.

७. पोटात गेलंच तर

तोंडात राहिलेलं बोटानं काढा, चूळ भरायला लावा. उलटी करवू नका. मिठाचं पाणी तर अजिबात नको, लहान मुलाच्या रक्तातलं मीठ त्यानं इतकं वाढू शकतं की विषापेक्षा तेच भारी पडतं. ताक, तूप, कच्चं अंडं, लिंबू, चिंचेचं पाणी यांतलं काहीही विष उतरवत नाही. गुंगी असेल तर तोंडातून थेंबही देऊ नका, मुलाला डाव्या कुशीवर वळवा.

एकानं १०८ लावायचा, दुसऱ्यानं झाडाची फळासकट फांदी पिशवीत घ्यायची. उरलेल्या बिया, सालं, उलटीतले तुकडेही घ्या. घड्याळ बघून ठेवा: किती वाजता खाल्लं, साधारण किती, चावलं की गिळलं. गाडीची वाट बघताना दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राला १८०० ११६ ११७ या क्रमांकावर फोन करता येतो, तो चोवीस तास चालतो आणि पैसे लागत नाहीत. पण त्या फोनसाठी निघायला उशीर करू नका. मूल ठीक दिसत असलं तरी निघा.

सोलापुरात सिव्हिलला, म्हणजे सरकारी रुग्णालयात, अपघात विभाग रात्रंदिवस उघडा असतो. तिथे किंवा कुठेही, विषबाधा म्हटलं की एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची, नोंद होते आणि पोलिस येऊन दोन प्रश्न विचारतात. या धास्तीनं लोक ‘काहीतरी बाहेरचं खाल्लं’ असं मोघम सांगतात. तसं करू नका. ती नोंद नियमाची आहे, तुमच्यावर आरोप नाही, आणि डॉक्टरांपासून लपवलेलं झाड मुलाला महागात पडतं.

बिट्टी-कण्हेर असेल तर ईसीजी काढल्याशिवाय घरी यायची घाई करू नका. धोतऱ्याचा भ्रम उतरायला एक-दोन दिवस लागतात, तेवढ्यात हात धरून कुणीतरी जवळ बसायला हवं, नाहीतर माणूस पलंगावरून उठून चालू लागतो. चावलेला एरंड किंवा गुंज असेल आणि मूल हसत-खेळत घरी सोडलं असेल, तरी पुढचे तीन-चार दिवस त्याच्या लघवीवर, शौचावर आणि पाणी पिण्यावर लक्ष ठेवा. रक्त दिसलं, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडलं, तर तेच कागद आणि तीच फांदी घेऊन परत जा.